आधी पाहिलं की आधी म्हटलं

चष्मा काढायचा, टायच्या टोकाने काचा पुसायच्या, तो पुन्हा नाकावर चढवायचा आणि मग समोरच्याकडे अशा नजरेने बघायचं, की हा पडणार, बुडणार किंवा नापास होणार हे यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. एवढा विधी झाला की वाक्य यायचं, "मी म्हटलंच होतं!"

तुमच्याही ओळखीत असा एक माणूस असेलच. नसेल तर जरा आरशात बघून घ्या.

हे गृहस्थ लीड्सला माझ्याच कंपनीत होते. जखमेवर लावायच्या पट्ट्या बनवणारी कंपनी. ते क्वालिटी कंट्रोलमध्ये, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या मालात खोट काढायचा त्यांना पगार मिळायचा. मी रेकॉर्ड्समध्ये, म्हणजे शास्त्रज्ञांच्या वह्या कपाटात ठेवायच्या, कपाटाला कुलूप लावायचं आणि किल्ली पर्समध्ये टाकायची. त्या किल्लीच्या जोरावर मी स्वतःला कोण समजत होते ते विचारू नका. पर्म केलेले केस, खांद्यांत पॅड घातलेलं जॅकेट (फॅशन केव्हाच गेली होती, मला कोणी कळवलं नव्हतं) आणि उच्चार असे इंग्रजी की इंग्रजांनाच दोनदा विचारावं लागे. तो फोटो बघून माझी नात म्हणते, "आजी, हा कोण आहे?" मी म्हणते, "होती एक शहाणी."

तर आमचे हे गृहस्थ. टी-रूममधली किटली जळाली, यांनी म्हटलंच होतं. बर्फ पडून बसेस बंद झाल्या, म्हटलंच होतं. आमच्या मॅनेजरचा डिव्होर्स झाला. त्याची बायको आमच्यापैकी कोणी कधी पाहिलीही नव्हती, पण यांनी म्हटलंच होतं. एकदा मी चिडून विचारलं, "अहो, पण कधी म्हटलं होतं? आणि कोणाला?"

ते जराही गडबडले नाहीत. म्हणाले, "मनात."

वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, यावर एकच सांगायच्या. "मी पसंत आहे असं यांनी बघायच्या कार्यक्रमाच्या आधीच म्हटलं होतं म्हणे. माझ्या वडिलांनी बिचाऱ्यांनी उगाच पोहे केले."

फोटोचंही तसंच. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आपण नवरा-बायको आरतीचं ताट घेऊन उभे राहावं, आणि फोटो हातात आला की कडेला हे, ताटाला एक बोट लावून. माझ्या थोरलीच्या वाढदिवसाच्या फोटोत केक कापणाऱ्या सुरीच्या मुठीवर तीन हात आहेत. तिचा, माझा आणि एक केसाळ.

मला तेव्हा त्यांची लाज वाटायची. इंग्रजांसमोर आपल्या माणसाने असं मिरवावं! इंग्रज मात्र त्यांच्यावर खूश असायचे. प्रत्येकाच्या घरी तसा एक अंकल होता.

त्या केसाळ हातांबद्दल सांगायला हवं, कारण पुढे सगळं त्या हातावरच आलं. अस्वलासारखे हात. आमच्या लॅबमध्ये कोणी नवी पट्टी केली की रीतसर चाचण्यांना वेळ लागायचा, आणि शास्त्रज्ञांना धीर नसतो. मग हे बाही वर करून उभे राहायचे. पट्टी चिकटवायची, जरा थांबायचं आणि ओढायची. ओरडणं पार कार पार्कपर्यंत ऐकू यायचं. उन्हाळ्यात ते अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून आले की हातावर चौकोन चौकोन दिसायचे, कापणी झालेल्या शेतासारखे. कोणी विचारलं की अभिमानाने सांगायचे, "हा मार्चमधला. हा परवाचा. हा फेल गेला, मी म्हटलंच होतं."

त्यांना तसं करायला कोणी सांगितलं नव्हतं. काम संपलं तरी ते घरी जायचे नाहीत, चहाचा मग घेऊन एकेका बाकापाशी जाऊन उभे राहायचे. मला वाटायचं, लुडबूड करतात. आता वाटतं, दिवसभर खोट काढणाऱ्या माणसाला संध्याकाळी कुठेतरी काहीतरी होताना बघावंसं वाटत असेल.

मग ऋतुजा आली. नागपूरची, वर्क परमिटवर, अंगाने काडी आणि डोक्याने आग. हॉस्पिटलच्या वॉर्डात म्हाताऱ्या माणसांची पट्टी काढताना पट्टीबरोबर कातडीही निघते, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. ते तिने एकदा पाहिलं आणि त्याच्यामागे लागली. तिच्या पट्ट्यांनी यांचे दोन्ही हात जवळजवळ साफ केले.

"काका, हात द्या ना."

"परवाच दिला होता. उगवू दे की जरा."

"खरंच सांगून राहिले, या वेळी नाही दुखणार."

"तू गेल्या वेळीही हेच सांगून राहिली होतीस!"

ती त्यांना काका म्हणायची, तसंही त्यांना मूलबाळ नव्हतं. पण त्यांच्यात लाडाचं बोलणं नसायचं. ती काम करायची, ते बघायचे, मध्येच काहीतरी निरुपयोगी सूचना करायचे, ती "हो काका" म्हणून तिला हवं तेच करायची. असं चाललं होतं.

ऑगस्टच्या बँक हॉलिडेआधीचा, म्हणजे सोमवारच्या सार्वजनिक सुट्टीआधीचा शुक्रवार. दुपारपासून लॅब ओस पडलेली. आमच्याकडे नियम होता की शास्त्रज्ञाने वहीत जे लिहिलं त्याखाली त्याच दिवशी दुसऱ्या कोणीतरी, त्या कामात नसलेल्याने, "पाहिलं आणि समजलं" म्हणून सही करायची. ऋतुजाच्या वहीवर सही करणारा माणूस गाडीला कॅरॅव्हॅन जोडून केव्हाच समुद्राकडे निघाला होता. त्याची सही झाली ती झाडांची पानं गळायला लागल्यावर. त्या संध्याकाळी लॅबमध्ये फक्त ऋतुजा होती आणि चहाचा मग घेऊन हे. मी खाली ऑफिसमध्ये कोट चढवून, किल्ली हातात धरून धुसफुसत बसलेली.

जिन्यावरून धाड धाड पावलं वाजली. हे एक हात ध्वजासारखा वर धरून आले. "दुखलं नाही! बघा, बघा, एक केस गेलेला नाही!"

मी बघितलंही नाही. "अभिनंदन," म्हटलं, "आता मला कपाट बंद करू द्या."

ऋतुजाने त्या दिवशी गोंद सगळ्या पट्टीवर फासायच्या ऐवजी ठिपक्यांनी लावला होता. बारीक, एका मापाचे ठिपके, ओळीने. मधल्या मोकळ्या जागेमुळे कातडी हलू शकते, पट्टी अलगद सुटते. याहून जास्त मला कधी कळलं नाही, मी आपली कुलूप लावणारी. पण ती पट्टी चालली. हॉस्पिटलं मागायला लागली, अमेरिकेत पेटंटचा अर्ज गेला, आणि कंपनीच्या घरगुती मासिकात ऋतुजाचा फोटो आला. फोटोच्या कडेला कोण, ते तुम्ही ओळखलंत. खाली त्यांचं वाक्यही छापलेलं, की मीच तिला म्हटलं होतं, आपल्या रांगोळीसारखे ठिपके दे.

ते पान फ्रेम होऊन त्यांच्या फ्रंट रूममध्ये लागलं. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना ते आधी दाखवलं जायचं, तिळगूळ नंतर. मंडळात नवं कोणी आलं की, "रांगोळीची आयडिया माझी बरं का." ऋतुजा तिथेच उभी असायची. लोक तिच्याकडे बघायचे आणि ती हसून म्हणायची, "हो ना, काकांचीच."

मी एकदा तिला कोपऱ्यात घेतलं. "खरंच त्यांची?"

"जाऊ द्या हो. मोठ्या माणसाला चारचौघांत खोटं कुठं पाडायचं?"

आपल्याकडे हे चालतं. वडीलधाऱ्याने गोष्ट जरा वाढवून सांगितली तर आपण मान डोलावतो. मान डोलावणं ही साक्ष होते हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं.

मग अमेरिकेतली एक कंपनी उठली. तिचं म्हणणं, ठिपक्यांची पट्टी आम्हाला आधी सुचली. त्या काळी तिथला नियम असा होता, की पेटंट आधी अर्ज करणाऱ्याला नाही, आधी शोध लावणाऱ्याला. आणि मी आधी शोधलं असं शोधणाऱ्याने स्वतः सांगून भागत नाही. नवरीला तिची आई सुंदरच म्हणणार, शेजारणीने म्हटलं तर खरं. तशी शेजारीण लागते. जिने पाहिलंय, जिला समजलंय, आणि जिचा त्या शोधात काही वाटा नाही अशी. वाटेकऱ्याची साक्ष चालत नाही.

आमच्याकडे वहीवरची सही उशिराची. त्या कंपनीच्या तारखा आमच्या त्या शुक्रवारानंतरच्या, पण सहीच्या आधीच्या. म्हणजे तो शुक्रवार सिद्ध झाला तर ऋतुजा पहिली, नाही तर ती दुसरी. पट्टी गेली तर तिचं सगळं खातंच बंद होणार होतं, आणि तिचं परमिट त्या नोकरीवर उभं होतं. तो शुक्रवार पाहिलेला माणूस जगात एकच. मी पाहिला होता तो नुसता एक वर धरलेला हात, आणि तोही नीट नाही.

कंपनीचा वकील लंडनहून आला. उंच, किडकिडीत, बोलण्याआधी बिस्किटाचे दोन तुकडे करणारा. त्याने काकांना सगळं समजावलं. मी टिपणं घ्यायला बसले होते. तो म्हणाला, "काय सांगायचं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. कल्पना तुमची असेल तर तसं सांगा. तुमचं नाव शोधकर्ता म्हणून लागलंच पाहिजे. फक्त मग साक्षीदार म्हणून तुमचा उपयोग नाही. आणि दुसरा साक्षीदार आपल्याकडे नाही."

मग त्याने फाईलमधून मासिकाचं ते पान काढलं. "हे त्यांच्याकडेही आहे," तो म्हणाला.

काकांनी चष्मा काढला. टायचं टोक हातात धरलं. पुसायचं मात्र विसरले.

त्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले. वहिनींनी चहा ठेवला आणि थेट विषयाला हात घातला. "अहो, सरळ सांगून टाका की. आधी म्हणालात की नंतर?"

"मला आधीच आठवतंय."

"तुम्हाला आपलं लग्नही आधीच आठवतं."

एरवी यावर ते हसायचे. त्या दिवशी उठून मागच्या बागेत गेले. मी कप घेऊन मागोमाग. मेथीच्या वाफ्यापाशी उभे होते, मेथी काही उगवलेली नव्हती.

"तुम्हाला वाटतंय मी फुशारकी मारतो," ते म्हणाले.

मी चहाचा घोट घेतला. त्यांना तेवढं उत्तर पुरलं.

"मारतो. पण ही एक खरी वाटते हो. तिला म्हटल्याचं मला ऐकू येतं. रांगोळी हा शब्द माझ्याच तोंडातून निघालाय, तिच्या नाही. पण केव्हा? मी हे इतक्यांदा सांगितलंय की आता मला सांगितलेलं आठवतं, झालेलं आठवत नाही."

"ऋतुजाला विचारा."

"वकिलानं मना केलंय. आणि विचारलं तरी ती काय म्हणणार? 'हो ना, काकांचीच.'" त्यांनी वाफ्यातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "नाव लागेल माझं. कागदावर. छापलेलं."

"हरलेल्या कागदावर," मी म्हटलं.

"ते मला कळतं. पण मी म्हटलं असेन खरंच, तर नाही म्हटलं असं सांगायचं? शपथेवर?"

मला पहिल्यांदाच कळेना की हा माणूस स्वतःसाठी रडतोय की तिच्यासाठी. बहुतेक त्यांनाही कळत नव्हतं.

खटला अमेरिकेतला, पण साक्ष लंडनला होती. माझीही होती, वह्या सांभाळणारी म्हणून. आता ऐका शहाणीची गोष्ट. मला वाटलं कोर्ट, विग घातलेले न्यायाधीश, लाकडी पिंजरा. मी नेव्ही ब्लू सूट शिवून घेतला, टाचा उंच घेतल्या, आणि आरशासमोर उभी राहून शपथ घ्यायचा सराव केला, आवाज जरा कापरा ठेवून. प्रत्यक्षात वकिलांच्या ऑफिसातली एक खोली, पाण्याचे जग, एक व्हिडिओ कॅमेरा आणि छोट्या यंत्रावर प्रत्येक शब्द टिपणारी एक बाई. न्यायाधीश नाहीच. मला विचारलं, कपाटाला कुलूप होतं का? होतं. किल्ली कोणाकडे? माझ्याकडे. थँक यू. झालं. घसा साफ करायलाही वेळ मिळाला नाही. मग कंपनीची प्रतिनिधी म्हणून मला कोपऱ्यात बसू दिलं. ऋतुजाची साक्ष आदल्या दिवशी झालेली, तिला बाहेर लॉबीत बसवलं.

काका आत आले. लग्नातला सूट घातला होता, बटण लागत नव्हतं.

आमच्या वकिलाने त्यांच्याकडून शुक्रवार काढून घेतला. लॅब रिकामी, हातावर पट्टी, दुखलं नाही. तारीख कशी आठवते? "बँक हॉलिडेचा वीकेंड लागत होता. दुसऱ्या दिवशी मंडळाची स्कारबरोला समुद्रावर पिकनिक होती, आणि मी तिथे अर्ध्या बाह्या घालून गेलो. पावसात. हात दाखवायला."

"काय दाखवलंत?" वकील दचकलाच.

"केस. फक्त केस. ते कशामुळे राहिले ते नाही सांगितलं. कंपनीचं गुपित होतं ना."

मग दुसऱ्या बाजूची वकील उठली. अमेरिकन, पांढरे आखूड केस, आवाज मधासारखा. मला वाटलं होतं ती त्यांच्यावर ओरडेल. ती तर त्यांची तारीफ करायला लागली. इतकी वर्षं या क्षेत्रात आहात. इतक्या पट्ट्या तुमच्या हाताने तपासल्यात. सगळे तुमचा सल्ला घ्यायचे ना? आमचा वकील मधून मधून हळूच म्हणायचा, "ऑब्जेक्शन." दर वेळी काका त्याच्याकडे वळून म्हणायचे, "सॉरी."

तिने मासिकाचं पान त्यांच्यासमोर ठेवलं. "हे तुमचे शब्द?"

"हो."

"तुम्ही फार विनयशील आहात, सर. ही कल्पना तुमची होती, नाही का? त्या तरुण मुलीआधी तुम्हाला सुचलं. तुम्ही म्हटलं होतं."

बघा हं. एवढ्या आयुष्यात कोणी त्यांना हे म्हटलं नव्हतं. बायकोने नाही, आम्ही नाही, मॅनेजरने नाही. सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. आणि आज सूट घातलेली एक हुशार बाई, कॅमेऱ्यासमोर, अगदी आदराने त्यांना सांगत होती, की होय, तुम्ही म्हटलंच होतं. यंत्रावरची बाई बोटं उचलून वाट बघत होती. त्यांनी नुसतं "येस" म्हणायचा अवकाश.

त्यांचा चेहरा एका क्षणापुरता असा उजळला, की मी कोपऱ्यात खुर्चीच्या कडेला सरकले.

मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. कोटाची बाही वर सारली, शर्टाच्या कफचं बटण सोडलं, आणि उजव्या हाताने डावा हात दाबून धरला. डोळे मिटले.

"सर?" ती म्हणाली.

"एक मिनिट, मॅडम. मी तिथे चाललोय."

आमच्या वकिलाने घड्याळाकडे बघितलं.

"तिने पट्टी लावली," ते डोळे न उघडता हळूहळू सांगू लागले. "मी पट्टीकडे बघत नव्हतो. मी कधीच बघायचो नाही. मला भीती वाटायची. तिच्या तोंडाकडे बघायचो, ती ओढताना ओठ चावते, त्यावरून मला कळायचं. तिने ओठ चावला. मी ओरडायला तोंड उघडलं. दुखलं नाही. मग मी हाताकडे बघितलं. हातावर ठिपके उठले होते. दाबाचे, लालसर. ओळीत. आमच्याकडे दारापुढे बायका काढतात ना, रेषा जोडायच्या आधी, तसे." ते डोळे उघडून त्या बाईकडे बघू लागले. "तेव्हा म्हटलं मी. 'अगं, ही तर रांगोळी!' ठिपके तिने आधीच दिले होते. मी माझ्या हातावर पाहिले. मग म्हटलं."

"म्हणजे आधी नाही?"

"नंतर."

आमच्या वकिलाने पेन खाली ठेवलं. मला कायदा कळत नव्हता, पण त्याचे कान लाल झालेले दिसले. त्या शुक्रवारी पट्टीवर ठिपके होते हे एवढं नेमकं त्याने विचारूनही निघालं नव्हतं. ते त्या बाईनेच काढून दिलं होतं.

तिलाही ते कळलं असणार. आवाजातला मध आटला. "मग मासिकात तुम्ही खोटं सांगितलंत?"

"ऑब्जेक्शन," आमचा वकील म्हणाला.

या वेळी काका सॉरी म्हणाले नाहीत. "हो," ते म्हणाले.

"का?"

त्यांनी बाही खाली केली. कफचं बटण लावायला त्यांना बराच वेळ लागला. "सवय आहे, मॅडम. कुठे काही चांगलं झालं की मी जवळ सरकून उभा राहतो. कोणी हटकत नाही. मग काही दिवसांनी मलाच वाटायला लागतं की मी आधीपासून तिथे होतो."

"आणखी कोणाकोणाला हे सांगितलंत?"

"सगळ्यांना," ते म्हणाले. "मंडळात कोणी राहिलं असेल तर ते माझ्या नजरेतून सुटलं."

यंत्रावरच्या बाईने तेही टिपलं. हसू आवरून.

निकाल यायला फार वेळ लागला. तो शुक्रवार मान्य झाला, पट्टी ऋतुजाची ठरली. तिला इथे कायमचं राहायला मिळालं, पुढे ती कंपनी सोडून केव्हाच वर चढली. काका रिटायर झाले. मंडळात कोणी जुन्या सवयीने विचारलं की, "अहो, ती रांगोळीची आयडिया तुमची ना?" तर म्हणायचे, "नाही. त्याचं झालं असं..." आणि मग मिटल्या डोळ्यांनी, ओठ चावण्यापासून, सगळी हकिकत. ती पहिल्या गोष्टीपेक्षा कितीतरी लांब होती, आणि लोक आता पळून जायला बघायचे. बदल झाला तो एवढाच. बर्फ पडला की त्यांनी म्हटलेलंच असायचं.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. वहिनींनी मला फोन केला, कधी आणि कसे ते सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "घर फार शांत झालंय गं. काहीही झालं तरी आधी कोणालाच माहीत नसतं."

मला मात्र ते आठवतात त्या लंडनच्या दुपारचे. साक्ष संपवून आम्ही लॉबीत आलो. ऋतुजा उठून उभी राहिली. तिला काही विचारायची बंदी होती, आम्हाला काही सांगायची. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. ते तिच्याकडे न बघता तिच्या शेजारून बाहेर पडले आणि फुटपाथवर फोन काढला. ते फोनवर नेहमी ओरडूनच बोलायचे, त्यांना वाटायचं लीड्स लांब आहे.

"हां, झालं... नाही, नाही रागावली. फार चांगली बाई होती... अगं, सांगितलं ना. मी फक्त पाहिलं, असं सांगितलं."

पलीकडून वहिनी काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. ते नुसते "हं" म्हणाले, आणि थोड्या वेळाने परत, "हं."

ऋतुजाने माझा दंड धरला. इतका घट्ट, की त्या नव्या सूटची शिवण उसवली.

फोन खिशात टाकून ते चालायला लागले. छाती पुढे, कोट उघडा, "चला, चला, गाडी सुटेल, मला रस्ता माहीत आहे," असं म्हणत. किंग्ज क्रॉस स्टेशन नेमकं उलट्या बाजूला होतं. ते मला माहीत होतं, ऋतुजालाही माहीत होतं. मी तोंड उघडलं, तिने नको अशी मान हलवली. मग मी टाचांचे बूट काढून हातात घेतले, आणि आम्ही दोघी त्यांच्या मागोमाग चालत राहिलो.